महाराणी स्वीट आणि काचेखालचा आड

घर ऐतिहासिक आहे हे त्या घरात राहणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. त्याला एवढेच ठाऊक असते, की पावसाळ्यात माडीचा दरवाजा फुगतो, जिन्याची तिसरी पायरी चुकवून चढायचे असते आणि माळ्यावर काय ठेवले आहे हे कोणी कोणाला विचारायचे नसते. ऐतिहासिकपणा हा बाहेरून येतो. सांगलीच्या पेठेत प्राध्यापक धन्यकुमार मगदूम यांच्या दारी तो साताऱ्याहून आला, पांढऱ्या मोटारीतून उतरला, आणि त्याचे नाव मल्हार होते.

मल्हारने उंबऱ्यातच बूट काढले, सोप्यातल्या सागवानी खांबावर तळहात टेकला आणि डोळे मिटले.

"सर, हे घर बोलतं," तो म्हणाला.

प्राध्यापक त्या घरात जन्मले होते. घराने त्यांच्याशी अवाक्षरही काढलेले नव्हते. परंतु निवृत्त अध्यापकाला कोणी 'सर' म्हणून डोळे मिटले, की त्याची चिकित्सक बुद्धी काही काळ रजेवर जाते. त्यांनी आयुष्यभर प्राकृत शिकवली होती आणि शेवटी शेवटी वर्गात त्यांच्यापेक्षा पंखेच अधिक होते. आता त्यांच्या व्यासंगाचा गल्लीला एकच उपयोग उरला होता: लग्नपत्रिका छापायला जाण्यापूर्वी त्यांच्या नजरेखालून जात.

मल्हारची योजना साधी होती. मगदूमांचे घर आणि त्याला भिंतीने जोडलेले याकूब बागवानांचे घर, ही दोन्ही जुन्या हळदीच्या अडत्यांनी बांधलेली. ती आतून एक करायची आणि त्यांत आलिशान हॉटेलचे सहा स्वीट काढायचे. मालकांनी मागच्या बाजूला राहायचे. "आणि सर, या वास्तूचा इतिहास तुम्ही लिहायचा. प्रत्येक खोलीत पाहुण्याच्या हाताशी तुमचा शब्द असेल."

याकूबभाईंनी होकार दिला त्याचे कारण ऐतिहासिक नव्हते. त्यांच्या छपराची कौले फुटली होती. "सर, फुकट छप्पर कोण देतंय आजकाल," ते म्हणाले. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचे गादीचे दुकान होते, ते तेवढे जिथल्या तिथे राहील असे त्यांनी पहिल्याच दिवशी वदवून घेतले. प्राध्यापक मात्र शब्दाला भुलले. पैशाला भुललेल्या माणसाला निदान हिशेब करता येतो.

प्राध्यापकांच्या पत्नी गुणमालाबाईंनी एकच विचारले. "स्वयंपाकघर आणि आड?"

"त्यांना कोणी हात लावणार नाही," प्राध्यापक म्हणाले. "हा माझा शब्द आहे."

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते गल्लीत कोणाला सांगावे लागले नसते. चातुर्मासात पलीकडच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दिगंबर मुनी मुक्कामाला असतात. दिवसातून एकदाच, सकाळी, उभ्याने, ओंजळीत घेतील तेवढाच त्यांचा आहार. उजव्या हाताची बोटे खांद्याला टेकवून ते बस्तीतून निघतात, आणि निघताना मनातल्या मनात एक अट धरतात, ती कोणाला सांगत नाहीत. दारोदार माणसे शुद्ध वस्त्रांत, हातात कलश आणि नारळ घेऊन उभी असतात आणि हाका देतात. जिथे अट जुळेल तिथे मुनी थांबतात. कुठेच जुळली नाही, तर खांद्यावरची बोटे खाली येतात आणि त्या दिवशी पाणीही नाही. ज्या घरी थांबायचे त्या घरी वेगळा चौका, म्हणजे सोवळ्याची चूल, लागतो, आणि पाणी आडाचे, हाताने शेंदलेले, गाळलेले. नळाचे चालत नाही.

गुणमालाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून दर चातुर्मासात दारात उभ्या राहत होत्या. मुनी त्यांच्या दारात कधीच थांबले नव्हते. म्हणजे एकदा थांबले होते. समोरून रिक्षा येत होती म्हणून.

सही करण्यापूर्वी प्राध्यापक साताऱ्याला जाऊन मल्हारने पूर्वी केलेले असेच एक हॉटेल पाहून आले. दारात पगडी घातलेला एक वयस्क गृहस्थ मोठ्या परातीत फुले घेऊन उभा होता. प्राध्यापकांनी त्याला नोकर समजून खोल्या दाखवायला सांगितले. माडीवर गेल्यावर त्या गृहस्थाने इकडेतिकडे पाहून हळूच विचारले, "तुमी सही केलीय का अजून?"

"उद्या करणार आहे. आपण?"

"मी मालक हाय," तो म्हणाला, आणि खालून घंटा वाजताच पगडी सावरत उतरून गेला.

या प्रसंगाचा अर्थ कोणत्याही सामान्य बुद्धीच्या माणसाच्या ध्यानात आला असता. प्राध्यापकांनी परतीच्या वाटेवर त्या माणसाच्या भाग्यहीनतेविषयी सखोल विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

पुढचा प्रश्न घर ऐतिहासिक असल्याच्या दाखल्याचा होता. एका खात्याने ते संरक्षणयोग्य ठरवून दारावर नोटीस लावली. दुसऱ्या खात्याने ते धोकादायक ठरवून त्याच नोटिशीवर आपली नोटीस डकवली. पहिलीप्रमाणे एक वीटही हलवायची नव्हती, दुसरीप्रमाणे घर तत्काळ पाडायचे होते. दोन्ही खाती एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात होती. मध्ये चहाची टपरी होती आणि तिथे दोन्ही खात्यांचे लोक गुण्यागोविंदाने बसत.

पाहणीला नानासो नावाचे अधिकारी आले, तो दिवस मोठा वाईट निवडला गेला. मल्हारने मुंबईहून मागवलेला न्हाणीचा टब आदल्या दिवशी जिन्यात अडकला होता. हळदीची पोती पाठीवर नेणाऱ्या हमालांसाठी बांधलेल्या त्या जिन्यातून परदेशी पद्धतीने लोळत आंघोळ करण्याचे पात्र जाईना. ते पुढेही सरकेना आणि मागेही येईना. माडीवर जायचे तर टबात उतरून, टबातून चालत, पलीकडच्या काठावरून पाय टाकून जावे लागे. गल्ली सल्ला द्यायला लोटली. कोणी तेल ओतायला सांगितले, कोणी जिना कापायला. कोपऱ्यावरचे आकाराम पेंटर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की तसाच. जाता-येता पाय धुऊन हुतील."

नानासोंनी बूट-मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोरड्या टबातून ते गंभीरपणे वर गेले. वरून त्यांचा आवाज आला.

"मगदूम सर, ह्यो टब हाय का जिना हाय, ते आधी ठरवा. मग माझ्याकडं या."

अखेर कठडा कापून टब सुटला, आणि त्यापाठोपाठ दाखलाही. तो ज्या खोलीत बसवला तिचे नाव मल्हारने 'महाराणी स्वीट' ठेवले. त्या खोलीत पूर्वी रिकामी गोणपाटे ठेवत. प्राध्यापकांनी आपल्या इतिहासात तळटीप घातली, की या घरात कोणतीही राणी कधीही राहिली नव्हती, आली नव्हती, आणि तिला यावेसे वाटण्याचे कारणही उपलब्ध पुराव्यांतून दिसत नाही. मल्हारने ती वाचून "फार सुंदर, सर" म्हटले.

महापुराचेही असेच झाले. सोप्याच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती. त्या पुरात मगदूमांची पुस्तके गेली होती आणि याकूबभाईंच्या दुकानातला सगळा कापूस. प्राध्यापकांना ती रेघ पुसून हवी होती. मल्हार तिच्यापुढे पुन्हा डोळे मिटून उभा राहिला. ही रेघ म्हणजे या वास्तूची सही आहे, असे त्याचे म्हणणे पडले. अडचण इतकीच होती, की याकूबभाईंनी आपल्या बाजूची रेघ केव्हाच चुना मारून घालवली होती, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसेनात. तेव्हा आकाराम पेंटरांना बोलावून तिकडे नवी रेघ काढून घेण्यात आली.

"सर," याकूबभाई ती पाहत म्हणाले, "आमच्याकडं पूर चार बोटं जास्तच दावलाय. आकाराम म्हणतोय, वाळल्यावर उतरंल."

प्राध्यापक हसले नाहीत. त्यांच्या इतिहासाची साठ पाने तयार झाली होती. हळदीचा व्यापार, अडत्यांचे व्यवहार, हमालांची गाणी, पेवांत हळद साठवण्याची रीत. त्यांनी आयुष्यात लिहिलेले बहुधा हेच सर्वांत बरे होते. काही दिवसांनी छापखान्यातून खोका आला. त्यात पेल्याखाली ठेवायच्या गोल पुठ्ठ्याच्या चकत्या होत्या. प्रत्येक चकतीवर कडेने एकेक वाक्य होते. मल्हारने शब्द पाळला होता: प्रत्येक खोलीत, पाहुण्याच्या अगदी हाताशी.

एवढ्यावर भागले असते तर ही केवळ एका विद्वानाच्या मानभंगाची गोष्ट झाली असती, आणि तशा गोष्टींचा या प्रांताला तोटा नाही. पण कराराला जोडलेल्या नकाशात एक वर्तुळ होते. त्याच्या आत बारीक अक्षरांत 'प्रकाशित वर्तुळ' असे लिहिले होते. प्राध्यापकांना ते काव्यमय वाटले होते. एके दुपारी ते वाचनालयातून परतले तेव्हा मागच्या चौकातल्या आडावर जाड काच बसवून तिच्या कडा बोल्टांनी आवळल्या होत्या, आत निळे दिवे सोडले होते आणि रहाट एका कोपऱ्यात शोभेसाठी रंगवून ठेवला होता. आडाला लागून असलेल्या स्वयंपाकघरात चूल नव्हती. तिथे स्वागतकक्षाचे टेबल होते, टेबलावर संगणक होता आणि फळीवर कॉफीचे यंत्र वाफ सोडत होते.

गुणमालाबाई मागच्या पडवीत गॅसच्या शेगडीवर भात करत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं," प्राध्यापक म्हणाले.

"व्हय."

"नकाशात ते वर्तुळ होतं. मला कसं कळणार?"

"तुमाला अडीच हजार वर्षांपूर्वीचं कळतंय," गुणमालाबाई म्हणाल्या, "एवढं एक वर्तुळ कळंना." आणि भातावर झाकण ठेवले.

चातुर्मास लागला. सकाळी गल्लीत हाका उठू लागल्या. गुणमालाबाई पडवीत बसून तांदूळ निवडत राहिल्या. ज्या घरात चौका नाही त्या घराच्या दारात उभे राहून 'आहारजल शुद्ध आहे' असे म्हणायचे, तर ते खोटे बोलणे. त्यांनी नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे प्राध्यापकांना जेवण जाईनासे झाले.

उद्घाटनाचा दिवस मल्हारने श्रावणातला निवडला, कारण त्या दिवशी पुण्याहून चार पाहुणे यायचे होते आणि ते जिथे राहतात त्याविषयी लिहितात, असे कळले होते. स्वागत अस्सल हवे होते. मल्हारने प्राध्यापकांना पांढरे धोतर नेसवले, खांद्यावर उपरणे घातले, अनवाणी दारात उभे केले, हातात पितळी कलश आणि त्यावर नारळ दिला. कलश-नारळाची कल्पना त्याने गल्लीतच सकाळी सकाळी लोक उभे राहतात ते पाहून घेतली होती. ते कशासाठी उभे राहतात, हे त्याने विचारले नव्हते. त्याला ते स्थानिक स्वागतपद्धतीचे लोभस उदाहरण वाटले होते. आणि प्राध्यापकांनी, साताऱ्याचा तो पगडीवाला आठवत असूनही, नारळ हातात घेतला. कारण एवढे सगळे सोसल्यावर नारळाला नाही म्हणण्यात काही स्वाभिमान उरतो, असे त्यांना वाटले नाही.

गुणमालाबाई पडवीतून पाहत होत्या. त्या उठल्या, धुतलेले पांढरे लुगडे नेसून आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तू कशाला?" प्राध्यापकांनी विचारले.

"एकट्यानं उभं ऱ्हाऊन हसं करून घेऊ नका."

पाहुण्यांचा फोन आला. त्यांची मोटार उंब्रजजवळ बिघडून दुरुस्त झाली होती. पोचायला उशीर होणार होता. मल्हार म्हणाला, "सर, जागेवरून हलू नका. प्रकाश फार छान आहे." तेवढ्यात बस्तीकडून गलका झाला आणि मुनी गल्लीत वळले.

उजव्या हाताची बोटे खांद्याला. नजर पुढच्या चार हात जमिनीवर. दोन्ही बाजूंनी हाका सुरू झाल्या: "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ." मुनी एकेक दार मागे टाकत आले. ते न थांबता याकूबभाईंच्या गादीच्या दुकानावरून पुढे आले. मगदूमांच्या दारातून हाक नव्हती. आणि मगदूमांच्या दारासमोर ते थांबले.

समोरून रिक्षा येत नव्हती.

दोन्ही बाजूंच्या हाका थांबल्या. प्राध्यापकांच्या पाठीमागे मल्हार कुजबुजला, "सर, हे कोण? यांचं बुकिंग आहे का?"

आता यजमानाने बोलायचे असते. वाक्य ठरलेले आहे. प्राध्यापकांनी त्याच्या उगमावर एक निबंधही लिहिला होता. "मनशुद्धी," ते म्हणाले. आवाज बरा लागला. "वचनशुद्धी. कायशुद्धी." 'आहारजल शुद्ध' हे दोन शब्द राहिले होते. त्यांच्या मागे स्वयंपाकघरात कॉफीचे यंत्र सुसकारे टाकत होते, आडात निळे दिवे जळत होते. एवढे दोनच शब्द उच्चारले, तर शेजारी उभ्या असलेल्या बाईचे जन्मभराचे मागणे पुरे होणार होते, निदान गल्लीच्या लेखी. त्यांचे तोंड उघडे राहिले.

गुणमालाबाईंनी हात जोडले. "महाराज," त्या म्हणाल्या, नेहमी बोलत तशा, हळू आवाजात, "आमच्यात आहारजल शुद्ध न्हाई. क्षमा असावी."

मुनींनी क्षणभर वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि दयाही नव्हती. आशीर्वादाचा हात तेवढा हलकेच उचलला गेला. मग खांद्यावरची बोटे खाली आली. ते वळले आणि आले त्याच संथ पावलांनी बस्तीकडे परत गेले.

यानंतर काय होते ते गल्लीला ठाऊक होते आणि मल्हारला नव्हते. महाराजांनी पाणी घेतले नाही त्या दिवशी ही गल्ली जेवत नाही. पाहुण्यांसाठी 'अस्सल जैन थाळी' करायला ठेवलेल्या सुंदरीबाईंनी एप्रन काढून कॉफीच्या यंत्रावर टाकला आणि त्या घरी निघून गेल्या. दाराशी माणसे जमली. अट काय असेल, यावर मते पडू लागली. पांढऱ्यातले जोडपे असेल, असे एकाचे म्हणणे. हाक न देणारे दार असेल, असे दुसऱ्याचे.

"सर," याकूबभाई शेवटी म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण नारळ उलटा धरला हुता तुमी. मला वाटतं, त्येच असंल."

पाहुणे आले. त्याच नारळाने त्यांचे स्वागत झाले. महाराणी स्वीटमध्ये त्यांनी टब पाहिला, पुराची रेघ पाहिली, रंगवलेल्या रेघेजवळ उभे राहून छायाचित्रे काढली, आणि मग जेवण मागितले. जेवण नव्हते. मल्हार याकूबभाईंकडे धावला. ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. "आज आमच्यात बी चूल न्हाई, साहेब," ते म्हणाले. "शेजारी उपाशी बसल्यावर फोडणीचा वास कसा सोडायचा?"

मल्हारची बुद्धी कशाने खचेल, हे सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत त्याने पाहुण्यांना समजावले होते, की उपवास हा त्यांच्या निवासाचाच भाग आहे, दुर्मीळ आहे, आणि संपूर्ण गल्ली त्यांच्यासोबत तो करत आहे. पाहुणे भारावले. आयुष्यात त्यांना इतके अस्सल काही भेटले नव्हते. रात्री त्यांनी भुकेल्या पोटी असे काही लिहिले, की सकाळी मल्हार पडवीत पळत आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते.

"काकू, हे आपण दर आठवड्याला करू या. फक्त एक विनंती होती. महाराज नक्की कोणत्या दिवशी दारात थांबतील, ते आधी ठरवून घेता येईल का?"

 कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच गुणमालाबाईंना हसू आले.

"आरं बाळा," त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं मी तेच इचारालोय."

प्राध्यापक उठले. ते भिंतीपलीकडे गेले आणि याकूबभाईंना घेऊन परत आले. याकूबभाईंच्या हातात लोखंडी पाना होता. दोघे आडाजवळ गुडघ्यांवर बसले. पहिला बोल्ट सैल होताच मल्हार मध्ये आला.

"सर, थांबा. आपला करार आहे."

"करार मी काल रात्री प्रथमच नीट वाचला," प्राध्यापक म्हणाले. शेवटच्या बाकावरच्या मुलाशी ते ज्या आवाजात बोलत, तो आवाज होता. "त्यात आड हा शब्द नाही. त्यात 'प्रकाशित वर्तुळ' आहे. दिवे तुमचे, काच तुमची. तुमचे वर्तुळ तुम्ही घेऊन जा. मी फक्त आड उघडतो आहे."

काच निघायला दुपार झाली. आड उपसून, घासून, पुन्हा पाणी धरायला काही दिवस गेले. रहाटाचा रंग खरवडला. स्वागतकक्षाचे टेबल गादीच्या दुकानात नेऊन ठेवले. आता पाहुणे गाद्यांच्या थप्प्यांमधून आत येतात, आणि याकूबभाई प्रत्येकाला कापूस दाखवतात. मल्हारने त्यालाही एक नाव दिले आहे. सहाही स्वीट सुरू आहेत. टेबलाच्या जागी पुन्हा चूल पेटली, आणि पहिल्या दिवशी गुणमालाबाईंनी पाणी स्वतः शेंदले, स्वतः गाळले.

दुसऱ्या सकाळी दोघे दारात उभे राहिले. धोतर तेच, कलश तोच, नारळ नवा. मुनी गल्लीत वळले. प्राध्यापकांनी या वेळी कोणाची वाट पाहिली नाही. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु," त्यांनी हाक दिली. "अत्र तिष्ठ, तिष्ठ. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे." आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. एकही शब्द अडला नाही.

मुनी त्यांच्या दारावरून पुढे गेले. टोकाच्या घरासमोर थांबले, आणि तिथे एकच धांदल उडाली.

प्राध्यापक कलश धरून तसेच उभे होते. गुणमालाबाईंनी पदर सावरला.

"झालं. आत चला, ऊन लागतंय."

"आणि उद्या?"

"उद्या काय, उभं ऱ्हायचं," गुणमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातला नारळ काढून, शेंडी वर करून, परत कलशावर ठेवला. "नारळ तेवढा सरळ धरा."